खांबावरचे चिनी मातीचे पेले : मूळ, उपयोग आणि ओळख

कलबुर्गी जिल्ह्याचा इतिहास लिहिताना आम्हा मंडळींची लेखणी सहसा तीन मुक्कामांवर थांबते. पहिला मुक्काम मळखेडचा, म्हणजे राष्ट्रकूटांच्या मान्यखेटचा. दुसरा १३४७ मध्ये गुलबर्ग्यास राजधानी करणाऱ्या बहमनी सत्तेचा. आणि तिसरा सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईचा. या मुक्कामांच्या दरम्यान, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, या भूमीवरून आगगाडीचे रूळ गेले, तारायंत्राच्या तारा गेल्या आणि पुढे वीज आली. त्या घडामोडींची नोंद आमच्या ग्रंथांत चार-दोन ओळींत आटोपते. दगडी शिलालेखाचे ठसे घेणारे अभ्यासक आहेत, नाणी जमविणारे आहेत, बिदरी कामाच्या सुरया सांभाळणारे आहेत. परंतु खांबावरच्या चिनी मातीच्या पेल्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहणारा क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित वस्तूचे मूळ, तिचे उपयोग आणि ती ओळखण्याच्या खुणा यांचा विचार करण्याचे योजिले आहे.

ग्रंथभाषेत या वस्तूस विद्युतरोधक म्हणतात. व्यवहारात सर्वत्र इन्सुलेटर हाच शब्द चालतो. लेखाच्या सोयीसाठी आम्ही ‘रोधक’ हा सुटसुटीत शब्द वापरीत आहोत. तार खांबाला थेट बांधली तर तिच्यातील विद्युत खांबावाटे जमिनीत उतरते. तसे होऊ नये, आणि तारेला आधार तर मिळावा, यासाठी तार व खांब यांच्यामध्ये वीज न वाहू देणारी वस्तू बसवावी लागते. काच आणि पोर्सेलिन ही त्या कामी आलेली दोन प्रमुख द्रव्ये. आपल्याकडे पोर्सेलिनचीच चलती राहिली आणि आपण त्यास लोणच्याच्या बरणीप्रमाणेच ‘चिनी माती’ म्हणत आलो. बरणी व रोधक ही एकाच कुळातली भावंडे असली, तरी त्यांचा दर्जा एक नव्हे. बरणीची माती किंचित सच्छिद्र राहिली तरी वरचा काचेसारखा मुलामा लोणचे सांभाळतो. रोधकाचे अंग मात्र आतपर्यंत घट्ट, निश्छिद्र असावे लागते; आत ओल शिरली की त्याचे काम संपले.

या वस्तूचा उगम तारायंत्राबरोबर झाला. जर्मनीत वेर्नर सीमेन्स यांनी १८४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस घंटेच्या आकाराचा पोर्सेलिनचा रोधक वापरात आणला. हिंदुस्थानात विल्यम ओशॉनसी या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्यास तारायंत्राचे प्रयोग केले आणि १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू केली. आरंभी बांबूंचे खांब आणि तारेऐवजी जाड लोखंडी सळई अशी व्यवस्था होती. रोधकांवाचूनही निभावून नेण्याकडे कल होता. थोड्या अंतरावर, कोरड्या हवेत ते चालून गेले. परंतु १८५४ पासून कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास अशा दूरदूरच्या शहरांना जोडणाऱ्या तारा पडू लागल्या, तेव्हा गणित बदलले. मैलास वीस खांब धरले तर शंभर मैलांत दोन हजार खांब होतात. प्रत्येक खांबाशी अगदी अल्प विद्युत गळाली तरी दोन हजार ठिकाणची गळती मिळून संदेश पोहोचेपर्यंत निष्प्राण होतो. आणि पावसाळ्यात तर प्रत्येक खांब हा एक फुटका नळच.

पावसातील ही गळती रोधकाच्या अंगातून होत नाही. ती त्याच्या ओल्या पृष्ठभागावरून होते. यावर उपाय म्हणून १८५० नंतरच्या दशकात इंग्लंडात लॅटिमर क्लार्क व प्रशियात शॉव्हाँ यांनी दुहेरी घंटेचा रोधक पुढे आणला. एका पेल्याच्या आत दुसरा पेला अशी त्याची रचना असते. बाहेरचा पेला भिजला तरी आतल्याचा पृष्ठभाग कोरडा राहतो, आणि विजेला तारेपासून लोखंडी खिळीपर्यंत जाण्यास लांबचा, वळणावळणाचा मार्ग पडतो. पालथा पेला हाती घेऊन आत पाहिले तर ही दुहेरी भिंत सहज दिसते. पुढे १८७७-७८ च्या सुमारास कॉर्डो या इंग्रज तंत्रज्ञाने पेल्याच्या आत जाड आटे पाडून तो खिळीवर फिरवून बसविण्याची रीत रूढ केली. तत्पूर्वी पेला खिळीवर सिमेंटसारख्या द्रव्याने कायमचा चिकटवीत असत. तो फुटला की खिळीसह सारेच बदलावे लागे. आट्यांमुळे फुटका पेला काढून नवा बसविणे सोपे झाले. म्हणूनच आतील भाग पाहणे ही ओळखीची पहिली पायरी होय : आटे आहेत की गुळगुळीत पोकळी आहे, आणि पोकळीत जुन्या चिकटद्रव्याचे अवशेष आहेत काय?

आता आमच्या प्रदेशाकडे वळू. मुंबईहून आग्नेयेकडे निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूर, गुलबर्गा, वाडी असे टप्पे घेत १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रास रेल्वेला मिळाली. १८७४ मध्ये वाडीपासून हैदराबादकडे निजामांच्या राज्याची रेल्वे सुरू झाली. रूळ गेले तेथे तार गेली, कारण दोन स्थानकांनी एकमेकांना खबर दिल्यावाचून गाड्या सुरक्षित चालविणे शक्य नव्हते. गाणगापूरला दत्तदर्शनासाठी निघालेला पुण्या-मुंबईचा यात्रेकरू गाणगापूर रोडला उतरे, तेव्हा फलाटालगतच्या खांबावर पांढऱ्या पेल्यांच्या रांगा असत. त्याच्या आगमनाची वर्दी त्याच्याआधी त्या पेल्यांवरून पुढे गेलेली असे. बिदरला मात्र रेल्वे पोहोचण्यास त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला. एकाच सुभ्यातील दोन शेजारी जिल्ह्यांच्या वाटचालीतील हे अंतर पुढे शिक्षणात, व्यापारात आणि नोकरीधंद्यातही उमटले, असे आमचे मत आहे.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. जमीन निजामांची, पण मुंबई-रायचूर मार्गावरील रूळ व तारा ब्रिटिश हिंदुस्थानच्या व्यवस्थेतील होत्या. निजामांच्या राज्याचे टपाल निराळे, शिक्का हाली, आणि त्याच्या पोटातून ही परकी लोखंडी रेषा गेलेली. एखाद्या गावात निजामी चौकी असावी आणि तेथून हाकेच्या अंतरावर, रेल्वेच्या कुंपणाआत, अंमल दुसऱ्याचा असावा, अशी ही स्थिती होती. त्यामुळे रोधकावर मालकाची आद्याक्षरे आढळली तर ती निव्वळ मालाची खूण राहत नाहीत. ती हद्दीची खूण ठरतात. १९३० मध्ये निजाम सरकारने आपल्या राज्यातील गॅरंटीड रेल्वे स्वतःकडे घेतली, आणि स्वातंत्र्यानंतर सर्व रेल्वे एका छत्राखाली आल्या. आद्याक्षरे बदलत गेली. एकाच स्थानकाच्या आवारात निरनिराळ्या काळांतील माल शेजारी शेजारी असणे यात म्हणूनच नवल नाही. दुरुस्ती करणारा कामगार भांडारात जो पेला मिळेल तो बसवीत असे.

विजेच्या रोधकांची कथा यापेक्षा वेगळी. तारायंत्रात दाब थोडा, अंतर फार. विजेच्या वहनात दाबच प्रचंड. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेन ते फ्रांकफुर्ट अशी सुमारे १७५ किलोमीटर वीज नेण्यात आली, त्या वेळी पोर्सेलिनच्या रोधकांत तेल भरून काम भागविले होते. आपल्या कर्नाटकात १९०२ मध्ये शिवनसमुद्र येथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर नेली गेली. तीस हजार व्होल्टांहून अधिक दाबाची एवढी लांब वाहिनी त्या काळी जगात मोजकीच होती. १९१५ मध्ये टाटांची खोपोलीची वीज एक लाख व्होल्टांच्या दाबाने मुंबईस पोहोचली. एवढ्या दाबाला खिळीवरचा एकटा पेला पुरत नाही. १९०७ मध्ये अमेरिकेत ह्युलेट व बक यांनी थाळीसारख्या चकत्या साखळीने एकाखाली एक लटकविण्याची युक्ती काढली. दाब वाढला की चकत्या वाढवायच्या. ११० किलोव्होल्टच्या वाहिनीवर सात-आठ चकत्या असतात, २२० किलोव्होल्टवर सामान्यतः तेरा ते पंधरा. वाचकांनी आगगाडीतून जाताना मनोऱ्यावरील चकत्या मोजून पाहाव्या. वाहिनीचा दाब किती असेल याचा अदमास बसल्या जागी येतो.

उपयोगानुसार जे प्रकार पडतात ते थोडक्यात असे. खिळीवर उभा बसतो तो पिन इन्सुलेटर. ११ किलोव्होल्टच्या खेड्यापाड्यांतील वाहिन्यांवर तपकिरी रंगाचा, दोन-तीन घेरांचा असतो तो हाच. मध्यभागी आरपार भोक आणि बाहेरून खाच असलेला, रिळासारखा दिसतो तो शॅकल. घरगुती दाबाच्या तारा त्यावर बांधतात. अंड्याच्या आकाराचा, काटकोनांत दोन भोके असलेला तो एग किंवा स्टे इन्सुलेटर. खांबाला ताण देणाऱ्या तिरप्या तारेत तो मध्येच ओवतात. त्याचा हेतू असा की वरून वीज उतरलीच तर ती खालच्या भागात येऊ नये, कारण त्या भागाला माणसाचा हात लागतो आणि म्हैस अंग घासते. पोर्सेलिन दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणून या अंड्यातून दोन्ही तारा अशा ओवतात की त्यांच्यामध्ये ते दाबले जावे, आणि फुटलेच तरी दोन्ही तारांचे फास एकमेकांत अडकून राहावेत. इतक्या लहानशा वस्तूत इतका विचार असतो.

घरातील चिनी मातीचे सामान हा निराळा संसार. जुन्या वाड्यांत सागवानी पट्टीवरून किंवा झाकणाच्या लाकडी पन्हळीतून वायर नेत. त्याहून स्वस्त काम असेल तेथे दोन भागांच्या पोर्सेलिनच्या चिमट्यांत, म्हणजे क्लीटमध्ये, वायर धरून ती भिंतीपासून अंतरावर ठेवीत. भिंत पार करताना पोर्सेलिनची नळी घालीत. पितळी टोपीच्या गोल स्विचचे बूड, दिव्याचे होल्डर, छताचे सीलिंग रोझ आणि किटकॅट फ्यूज ही सारी मंडळी चिनी मातीचीच. आमच्या पिढीतील बहुतेकांनी फ्यूज उडाल्यावर कंदिलाच्या उजेडात किटकॅट ओढून त्यात तारेचा बारीक धागा गुंडाळला असेल. या वस्तू पुढे बेकेलाइट व प्लॅस्टिकने हटविल्या. खांबावरील पेल्यांपेक्षा त्या अधिक घरोघरी होत्या आणि म्हणूनच अधिक त्वरेने नष्ट झाल्या.

आता मुळाचा प्रश्न. पोर्सेलिन घडते ते केओलिन, फेल्डस्पार व गारगोटी यांच्या मिश्रणापासून. ते सुमारे तेराशे अंश सेल्सिअसपर्यंत भाजावे लागते. बिदर जिल्ह्यात बसवकल्याण व कमठाण या परिसरांत केओलिन आढळते. परंतु माती असणे आणि पोर्सेलिन होणे यांत भट्टी, इंधन, कसबी हात आणि खात्रीचे गिऱ्हाईक यांचे अंतर असते. बिदरच्या किल्ल्यातील मातीने जस्ताच्या मिश्रधातूला काळेभोर रूप देणाऱ्या कारागिरांची परंपरा आमच्या शेजारीच आहे. ती माती गिऱ्हाइकासह पिढ्यान्‌पिढ्या टिकली. रोधकांचे मोठे गिऱ्हाईक सरकार व रेल्वे, आणि त्यांची खरेदी प्रारंभी विलायतेतच होई. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात, हॅन्ले येथे १८६७ मध्ये स्थापन झालेली टेलर टनिक्लिफ ही पेढी, तसेच बुलर्स आणि लंडनचे डाउल्टन हे या व्यवसायातील प्रसिद्ध नावे. जपानात नागोया येथे १९१९ मध्ये निप्पॉन गाइशी, म्हणजे एन.जी.के., ही संस्था केवळ रोधकांसाठी उभी राहिली. आपल्याकडे म्हैसूर संस्थानाने दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या कारकीर्दीत बंगळूर येथे सरकारी पोर्सेलिन कारखाना काढला. तोच पुढे, १९७६ मध्ये, भारत हेवी इलेक्ट्रिकल्सकडे गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुलबर्गा, बिदर व रायचूर हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. त्या दिवसापासून बंगळूर ही आमचीही राजधानी झाली, आणि ज्या कारखान्याचा माल तोवर आम्हास परराज्याचा होता तो स्वराज्याचा ठरला.

काळ ठरविण्याच्या काही भरवशाच्या खुणा येथे देतो. मुलाम्याच्या खाली भाजलेला शिक्का मूळचा असतो. वरून रंगाने लिहिलेले अंक पुष्कळदा भांडारातील किंवा खांबाचे क्रमांक असतात. हिंदुस्थानात १८८९ च्या व्यापारचिन्हविषयक कायद्यापासून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालण्यास विशेष महत्त्व आले. तेव्हा देशाचे नाव असलेला नमुना बहुधा त्यानंतरचा मानावा. ‘वेस्ट जर्मनी’ असे असेल तर तो १९४९ नंतरचा आणि १९९० पूर्वीचा. आय.एस.आय.चे चिन्ह असेल तर १९५५ च्या आधीचा असू शकत नाही. निर्मितीवर्ष दोन किंवा चार अंकांत कोरलेले आढळले तर उत्तमच. मात्र ते घडविल्याचे वर्ष असते, खांबावर चढल्याचे नव्हे.

रंगावरून घाईने निष्कर्ष काढू नये. पांढरा तारायंत्राचा व तपकिरी विजेचा हा ठोकताळा पुष्कळदा बरोबर ठरतो, परंतु नियम म्हणून तो उपयोगी नाही. तपकिरी छटा ही मुलाम्यातील लोह व मँगनीजच्या संयुगांची करामत असते. फुटक्या तुकड्याच्या ताज्या कडेवर शाईचा थेंब टाकून पाहावा. शाई पुसून निघाली तर अंग निश्छिद्र, म्हणजे चांगले पोर्सेलिन. शाई शोषली गेली तर माती हलकी किंवा कच्ची भाजलेली. तारेने पडलेला घासल्याचा चर, खिळीच्या गंजाची रेषा आणि पृष्ठभागावरील पुटे हीदेखील साक्ष देतात. शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम या सिमेंटच्या पट्ट्यात धूळ दवाबरोबर रोधकावर बसते आणि कालांतराने करड्या कवचासारखी घट्ट होते. असे पुट पाण्याने निघत नाही. वीजकर्मचाऱ्यांना ते डोकेदुखीचे, कारण ओलसर पुटावरून ठिणगी उडते. संग्राहकाला मात्र ते वस्तू कोठे उभी होती याचा दाखला देते. म्हणून आमची आग्रहाची विनंती अशी की मिळालेला नमुना लगेच आम्लाने घासून लखलखीत करू नये.

या विषयात खरा धोका खुणा नसण्याचा नाही, ठिकाण हरविण्याचा आहे. भंगाराच्या दुकानात मिळालेला पेला घडविणाऱ्याचे नाव सांगेल, वर्षही सांगेल. पण तो गुलबर्ग्याच्या फलाटावर होता की विजापूरच्या कचेरीत, हे तो सांगू शकणार नाही. शासकीय सेवेतील आयुष्यामुळे आम्हास याचे कारण जवळून ठाऊक आहे. कचेरीच्या डेड स्टॉक रजिस्टरात खुर्ची, टेबल, घड्याळ यांची नगानुसार नोंद होते. तारा व खांब निकामी ठरले की लोखंड वजनावर लिलावात जाते. चिनी मातीला वजनाचा भाव नाही. उलट आतली लोखंडी खिळी काढण्यासाठी घेणारा पेला हातोड्याने फोडतो आणि तुकडे तेथेच टाकतो. ज्या वस्तूला भाव नाही तिची नोंद नाही, आणि जिची नोंद नाही ती नव्हतीच असे पुढची पिढी समजते. प्रशासनाचा हा स्वभाव आहे. त्यात कोणाचा दुष्टावा नाही.

आणि आता वेळही फारसा उरलेला नाही. प्रकाशतंतूंच्या जाळ्यामुळे रूळांलगतच्या उघड्या तारांची गरज संपली. १४ जुलै २०१३ हा भारतीय तारसेवेचा शेवटचा दिवस ठरला. ‘तार आली’ हे दोन शब्द ऐकताच ज्या घरांत चूल विझत असे, त्या घरांतील नातवंडांना आज तार म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. आमच्या मार्गावर आता पंचवीस हजार व्होल्टांवर चालणाऱ्या विजेच्या गाड्या धावतात आणि नव्या कामांत पोर्सेलिनऐवजी सिलिकॉन रबराचे हलके रोधक मोठ्या प्रमाणावर येत आहेत. ते फुटत नाहीत, धूळही कमी धरतात. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. लाइनमनचा जीव वस्तुसंग्रहाहून मोलाचा आहे.

तेव्हा करावयाचे ते एवढेच. उभ्या खांबावरील किंवा रेल्वेच्या हद्दीतील वस्तूस कोणीही हात लावू नये. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय जिवावरचे आहे. मृत वाटणारी तार जिवंत असू शकते. परंतु जेथे वाडा पाडला जात आहे, कचेरीचे जुने वायरिंग उतरत आहे, भंगार रीतसर विकले जात आहे, तेथे एक-दोन नमुने मागून घ्यावेत आणि त्याच दिवशी कागदावर ठिकाण, तारीख, खांब लाकडी होता की लोखंडी, कोणत्या तारेचा होता, हे लिहून तो कागद वस्तूसोबत बांधावा. खांबावरच असेल तर छायाचित्र पुरे. निवृत्त लाइनमन, स्टेशनमास्तर व तारमास्तर यांच्याकडून या वस्तूंची त्यांच्या तोंडची नावे मराठी, कन्नड व दखनी या तिन्ही भाषांत लिहून घ्यावीत. ती नावे कोणत्याही कोशात नाहीत आणि ती बोलणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

कलबुर्गीच्या शासकीय संग्रहालयात शिल्पे व शिलालेख जपले आहेत. त्यांच्या शेजारी एका साध्या फळीवर आठ-दहा रोधक, प्रत्येकाखाली ठिकाण व वर्ष, एवढी मांडणी करण्यास फारसा खर्च येणार नाही. विलायती पेला, जपानी पेला, बंगळुरी पेला आणि शेवटी रबराचा दांडा असा क्रम लावला, तर निजामी अमलापासून आजपर्यंतचा या जिल्ह्याचा प्रवास शाळकरी मुलालाही एका दृष्टिक्षेपात कळेल. आमच्या सभासदांपैकी ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी वस्तू पडून असेल त्यांनी ती खाली काढावी, फडक्याने हलकेच पुसावी आणि तिच्यावरचा शिक्का वाचून आम्हास कळवावे. पुढील यादी त्यातूनच तयार होणार आहे.